‘वाटतं’चं इंग्रजी

प्रिय भाचीबाई,



प्रतिज्ञापत्राचा मसुदा मिळाला. नावं खोडून पाठवलास, बरं केलंस. मजकूर एकंदरीत नेटका आहे, पण तिसऱ्या परिच्छेदात तू आपल्याच पक्षकाराला तोंडघशी पाडलं आहेस. तो म्हणतो, ‘गोदामातला माल भागीदारानेच हलवला असा माझा संशय आहे.’ तू लिहिलंस, ‘आय डाउट दॅट ही रिमूव्ह्ड द गुड्स.’ म्हणजे, भागीदाराने माल हलवला असेल असं मला वाटत नाही! समोरच्या वकिलाला आणखी काय हवं? तिथे ‘सस्पेक्ट’ लिही. शब्दकोशात दोघांसमोर ‘संशय’च छापलेला असतो, पण सस्पेक्टचा कल ‘असावं’कडे असतो आणि डाउटचा ‘नसावं’कडे.

तू केलंस ते अगदीच बिनबुडाचं नाही, हेही सांगतो. सतराव्या शतकातल्या सॅम्युअल पेपिसच्या रोजनिशीत ‘डाउट’ पुष्कळदा ‘असं होईल अशी भीती वाटते’ या अर्थाने येतो, आणि स्कॉटलंडमध्ये ‘आय डाउट इट्ल रेन’ म्हणणारा माणूस पाऊस येणार असंच म्हणत असतो. आपलं जिल्हा न्यायालय मात्र एडिंबरामध्ये नाही.

आता पाचवा परिच्छेद. ‘मला वाटलं, हिशेब पुरा झाला आहे’ याचं तू ‘आय फेल्ट दॅट द अकाउंट्स आर सेटल्ड’ केलंस. इथे दोन गोष्टी आहेत. आपण मनात आलेला विचार ज्या काळात आला त्याच काळात ठेवतो, म्हणून ‘वाटलं’च्या पुढे ‘आहे’ शोभतं. इंग्रजी मुख्य क्रियापदाबरोबर आतलंही मागे ओढते, म्हणून ‘वर सेटल्ड’. हे तुला शाळेत घोकवलं होतं, पुन्हा उगाळत नाही.

दुसरी गोष्ट ‘फेल्ट’ची. आपलं ‘वाटणं’ घरातल्या मोठ्या सुनेसारखं आहे, सगळी कामं तिच्याच गळ्यात. भीती वाटते, बरं वाटतं, जावंसं वाटतं, खोटं वाटतं. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला वेगळी सोय लागते, आणि लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं की हे मत आहे, भास आहे, गृहीत धरलेलं आहे की नुसती मनाची अवस्था. पूर्वी त्यांच्याकडेही आपल्या ‘मला वाटतं’सारखी सोय होती. जुन्या इंग्रजीत ‘विचार करणं’ आणि ‘भासणं’ यांना सारख्या दिसणाऱ्या दोन धातूंची जोडी होती. पुढे उच्चार जवळ आले आणि दुसरा पहिल्यात बुडाला. त्याचा अवशेष म्हणजे शेक्सपिअरच्या पात्रांच्या तोंडचं ‘मीथिंक्स’. त्यातला ‘मी’ दिसतो आपल्या ‘मी’सारखा, पण काम करतो ‘मला’चं! आज ‘आय थिंक’ म्हटलं की विचाराचा कर्ता तू आणि जबाबदारीही तुझी. म्हणून तुझा पक्षकार खरोखर काय म्हणत होता, ते त्याला विचार. हिशेब पुरा झाल्याची त्याची खात्री होती तर ‘बिलीव्ह्ड’, चौकशी न करता धरून चालला होता तर ‘अझ्यूम्ड’. या दोहोंमध्ये दाव्याचा निकाल फिरू शकतो.

सहाव्यात मात्र मी थबकलो. ‘आय डिड नॉट नो दॅट द ॲग्रीमेंट हॅड बीन कॅन्सल्ड.’ व्याकरण चोख, वकिली धोक्याची. ‘नो’ या क्रियापदाची खोड अशी की पुढे जे येतं ते खरंच आहे असं ते धरून चालतं आणि नकार लावला तरी सोडत नाही. पॉल आणि कॅरोल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञ दांपत्याने १९७० साली अशा क्रियापदांचा गटच वेगळा काढून दाखवला. करार रद्द झाल्याचं आपल्याला माहीत नव्हतं असं लिहिलंस की करार रद्द झाला हे तूच कबूल केलंस. मराठीतही तेच होतं, फक्त कानाला खटकत नाही. आधी रद्द झाल्याचा इन्कार कर, मग असं काही कळवलं गेलंच नव्हतं, असं लिही. ‘बिलीव्ह’ला ही खोड नाही, माणूस खोट्यावरही विश्वास ठेवू शकतो. चोरीचा माल घेण्याच्या गुन्ह्यात कायदा १८६० पासून ‘जाणून किंवा तसं मानायला कारण असताना’ असे दोन वेगळे पर्याय देतो, ते उगाच नाही.

‘आय डू नॉट बिलीव्ह दॅट ही साइन्ड’ हेही बदल. बोलण्यात इंग्रज नकार असाच पुढे सरकवतात, आपणही ‘तो येईलसं वाटत नाही’ म्हणतोच, आणि अर्थ ‘येणार नाही असं वाटतं’ असाच घेतला जातो. पण उलटतपासात कोणी विचारेल, ‘म्हणजे तुमचं काहीच मत नाही ना?’ सरळ ‘आय बिलीव्ह दॅट ही डिड नॉट साइन’ लिही. नकार जिथला तिथे.

‘आय ॲम बिलीव्हिंग’ कुठे दिसलं नाही, त्याबद्दल शाबासकी. निसीम इझिकेल यांनी आपल्या या ‘-इंग’च्या हौसेवर कविता रचून साऱ्या देशाला हसवलं. मला ती हसण्याची रीत पूर्णपणे पटत नाही, पण कोर्टात हसं नको.

राहता राहिला दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर १९, नियम ३. तो तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस: प्रतिज्ञापत्रात स्वतःला ठाऊक असलेलंच लिहायचं, अंतरिम अर्जावर नुसतं मानणंही चालतं, पण त्याचे आधार द्यावे लागतात. तुझ्या मसुद्यात ‘बिलीव्ह’ चारदा आलाय आणि आधार एकदाही नाही. माल हलवल्याचं त्याला कोणी सांगितलं, केव्हा, गोदामाच्या पावत्या कोणाकडे आहेत, हे पक्षकाराला समोर बसवून विचार आणि त्याच्याच शब्दांत टिपून घे. नोटरीकडे जाण्याआधी कच्चा मसुदा एकदा पाठव.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा