भंडाऱ्याची पायवाट

माघ शुद्ध दशमीला तुम्ही भंडारा डोंगरावर आला असाल, तर बहुधा डांबरी रस्त्याने, गाडीत बसून आला असाल. दोष देत नाही. गुडघे सगळ्यांचेच झाले आहेत. पण तुकोबा जिथे चिंतनाला बसत, त्या डोंगराच्या अंगाने एक पायवाटही चढते आणि पावसाळ्यात तिच्या शेजारून ओहोळ वाहतो. गेली ४ वर्षे आम्ही आठ-दहा जण रविवारी सकाळी तिथे असतो. टाळ घरी, हातात टिकाव, पहार आणि घमेले.

आधी माझी चूक सांगतो. ही वाट वळणे घेत जाते. एकादशीला चालत वर जायचा माझा नेम. घाईत मी दोन वळणांच्या मधून सरळ चढायचो. माझे बघून बाकीचे चढू लागले. दोन पावसाळ्यांत तिथले गवत गेले, तुडवून माती घट्ट झाली, पाणी जिरायचे थांबले आणि उतारावरून धावू लागले. गुडघाभर घळ पडली. तिथली माती ओहोळात आणि ओहोळातून इंद्रायणीत, जिथे आपण स्नान करतो. पुढच्या वैशाखात आमच्या दिंडीतल्या आत्या त्या घळीत घसरल्या. मनगट मोडले, आषाढी गेली. २७ वर्षांची वारी चुकली. वाट कोणी पाडली हे त्यांना ठाऊक नव्हते. मला होते.

वनरक्षकांना विचारून काम धरले. तुमच्याही गावाजवळ टेकडी असेल, म्हणून सांगतो. आडवाटेच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकून ती बंद केली. जुनी वळणाची वाट घाणेरीने गिळली होती. घाणेरी मुळासकट काढावी लागते. नुसती छाटली तर पावसात पुन्हा जोमाने फुटते. मग वाटेवर जागोजागी तिरपे दगड बसवले, म्हणजे पाणी वाट धरून न धावता बाजूच्या गवतात उतरते. घळीत वरून खाली सुट्या दगडांचे छोटे बांध घातले. सिमेंट नाही. दगडांतून पाणी झिरपते, माती मागे राहते. बांधाचा मध्य मात्र कडांपेक्षा खाली हवा. पहिल्या वर्षी आम्ही तो उंच ठेवला. पाण्याने बाजूची कड खाल्ली आणि सगळे काम पुन्हा करावे लागले.

ओहोळातून प्लास्टिक निघते, उत्सवानंतर पोत्यांनी. झाडांना सोयरे म्हणणारा अभंग आपल्याला तोंडपाठ, आणि सोयऱ्यांच्या दारात बाटल्या टाकून येतो आपणच. पालापाचोळा मात्र आम्ही राहू देतो. तो पाऊस अंगावर झेलतो, माती ओली ठेवतो. नवा आलेला प्रत्येक जण आधी तोच झाडायला जातो. अंगण नव्हे ते, बाबा!

गेल्या कार्तिकात आत्या काठी टेकत वळणाच्या वाटेने वर आल्या. मी हातातली पहार खाली ठेवली आणि सगळे सांगून टाकले. त्या बराच वेळ घळीकडे बघत राहिल्या. बांधांमागे माती साठली होती, तिच्यावर गवत आले होते.

"तो खालचा दगड हलतोय रे," त्या म्हणाल्या. "आधी तो बसवून घे."