मोटर फिरते, पाणी चढत नाही

विहिरीवरचे मोठे पंप मी कधीच सोडले. आता बीड शहरातले नि आसपासच्या गावांतले घरोघरचे हौद आणि त्यांवरच्या अर्ध्या-एक एचपीच्या मोटरी, एवढाच माझा धंदा. धंद्यातलेच काही जण याला हलकं काम समजतात. मला ते कधी पटलं नाही. विहिरीवरचा पंप बंद पडला की कारण मोठं असतं आणि दिसतं. घरची मोटर हवा धरते तेव्हा काहीच मोडलेलं नसतं. वाइंडिंग चांगलं, कंडेन्सर चांगला, लाइट पुरेशी, हौद काठोकाठ. बटण दाबलं की मोटर फिरते आणि वरच्या टाकीत थेंब पडत नाही. घरातली बाई म्हणते, ‘मामा, काल तर चालली होती.’ ती खरंच सांगत असते. या एका दुखण्यामागे मी निम्मं आयुष्य घातलं.

हे आत्ता लिहायला बसलो याचं कारण माझे कान. मोटरीत हवा कुठून येते हे मी आवाजावरून ओळखायचो. सक्शनच्या, म्हणजे हौदातून पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या, एखाद्या जॉइंटमधून बारीक हवा ओढली जात असेल तर पंपात वाळू चाळल्यासारखी चरचर येते. पंप कोरडा फिरत असेल तर आवाज हलका होतो आणि वर चढतो. आडव्या पाइपात हवा साचली असेल तर मोटर थोडा वेळ सुरळीत चालते, मग गुरगुरते, परत सुरळीत होते. गेल्या उन्हाळ्यात ती चरचर मला ऐकू येईनाशी झाली. वयाबरोबर आधी बारीक, वरच्या पट्टीचे आवाज जातात, असं डॉक्टर म्हणाले. माझा सगळा धंदा त्याच पट्टीत होता.

एक गोष्ट सांगून टाकतो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाला आणि दांडा कानाला लावून मी डोळे मिटायचो. घरातली माणसं गप्प व्हायची, पोरं दारात उभी राहायची. ऐकायला डोळे मिटावे लागत नाहीत. लोक बघतात म्हणून मी मिटायचो. दुसऱ्या मेकॅनिकने हात टेकलेल्या मोटरीवर मला बोलावलं की मी मुद्दाम सावकाश जायचो. तो गर्व होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पाण्याला वर ढकलतो तो पंप हवेला ढकलू शकत नाही. हवा पाण्यापेक्षा आठशे पटींनी हलकी. पंखा तिला फिरवतो, पण तिच्यात दाब तयार होत नाही. बीड समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर आहे, तरी इथल्या हवेचा दाब हिशेबाने पावणेदहा मीटरपर्यंत पाणी उचलून धरतो. घरचा हौद आठ-दहा फुटांचा. म्हणजे खोलीची तक्रार इथे नाहीच. हवा कुठून तरी आत येते, किंवा आत आलेली बाहेर पडत नाही. भांडण या दोनच गोष्टींचं आहे आणि लोक नेहमी पहिलीच शोधतात. हौदातल्या पाइपाच्या टोकाची झडप, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, बदलतात, टेफ्लॉन टेप गुंडाळतात, सोल्युशन फासतात. हवा बाहेर पडायला वाट आहे का, हे कोणी बघत नाही.

माझं भांडण डिलिव्हरीवरच्या, म्हणजे वर जाणाऱ्या पाइपावरच्या, एनआरव्हीशी आहे; वर गेलेलं पाणी उलटं खाली येऊ न देणारी ती झडप. हल्ली मोटर बसवणारा प्रत्येक जण पंपाच्या डोक्यावर एनआरव्ही घालतो आणि काम पक्कं झालं म्हणून पैसे घेतो. उंच इमारतीला तो हवाच. एकमजली-दुमजली घरात तोच रोग आणतो. हिशेब करून बघा. एक इंची पाइपात मीटरला सुमारे अर्धा लिटर पाणी मावतं. गच्चीवरच्या टाकीपर्यंत आठ मीटर पाइप धरला तर चार लिटर. फूट व्हॉल्व्ह सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला चार लिटरच्या आसपास पाणी जातं. म्हणजे एनआरव्ही नसेल तर गळका फूट व्हॉल्व्हसुद्धा जवळजवळ दिवसभर पंप भरलेला ठेवतो, कारण वरचा उभा पाइप त्याला पाणी पुरवत राहतो. वर एनआरव्ही बसवला की ते चार लिटर वरच अडकतात. खाली सक्शनमध्ये उरतं लिटर-दीड लिटर, ते काही तासांत हौदात उतरतं आणि पंपात हवा शिरते.

सकाळी बटण दाबल्यावर खरी कोंडी होते. पंपात हवा, तिच्यावर एनआरव्हीची झडप, झडपेवर आठ मीटर पाण्याचा भार. हवेवर फिरणाऱ्या पंपाचा जोर त्या झडपेला केसभरही उचलत नाही. हवा वर जाऊ शकत नाही, म्हणून पाणी खालून येऊ शकत नाही. सेल्फ-प्रायमिंग मोटर घेतली तरी हेच. तिला हवा फेकायला मोकळी वाट लागते. कंपनीच्या पुस्तकात हे लिहिलेलं असतं, पण ते पुस्तक खोक्याबरोबर माळ्यावर जातं.

एनआरव्ही आणखी एक वाईट काम करतो. तो गळती लपवतो. वरचा उभा पाइप पंपाशी जोडलेला असेल तर मोटर बंद असताना सक्शनच्या जॉइंटवर आतून पाण्याचा दाब असतो, फट असेल तर तिथे ओल दिसते. एनआरव्हीने तो दाब तोडला की फट कोरडी राहते, बाहेर काहीच गळत नाही, आत मात्र हवा ओढली जाते. कोरडा जॉइंट बघून माणूस समाधानाने पुढे जातो. मला या समाधानाचा राग येतो.

आमच्या जिल्ह्यात या दुखण्याचा हंगाम आहे, तो इतरत्र असा नसावा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीकडच्या गावांत घरांना पाच-सहा महिने कुलपं लागतात. हौद आटतो, फूट व्हॉल्व्हचं रबर वाळून कडक होतं, पंपाचं सील चिकटतं. गुढीपाडव्याच्या आगेमागे माणसं परत येतात, टँकर मागवून हौद भरतात आणि मोटर पाणी उचलत नाही. ऊन चाळिशीच्या वर, घरात लहान पोरं, विकत घेतलेलं पाणी खाली हौदात दिसतंय आणि वर येत नाही. त्या दिवसांत मी जेवण सोडून जातो. माझ्याकडे काम शिकतो तो पोरगा अशाच टोळीतल्या आई-बापाचा. वृद्ध आजीजवळ राहून त्याने बीडच्या आयटीआयमधून फिटरचं शिक्षण घेतलं. तो माझ्याकडे आला तेव्हा मोटर उघडता येत होती, ऐकता येत नव्हती.

टँकरच्या पाण्याने गाळ येतो, हा दुसरा शत्रू. घरगुती छोट्या मोटरीत पंखा आणि बॉडी यांच्यातली फट कागदाएवढी असते. गाळाने ती झिजते. झिजलेला पंप भरून दिला तर पाणी चढवतो, म्हणून लोक म्हणतात पंप ठीक आहे. पण हवा फेकायची त्याची ताकद आधीच गेलेली असते. त्यात फूट व्हॉल्व्ह तळाला टेकवायचा सगळ्यांचा आग्रह. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, तेव्हा शेवटची बादलीसुद्धा कोण सोडणार? पण व्हॉल्व्हवर फूटभर पाणी नसलं की भोवरा पडतो आणि वरून हवा आत जाते. यावर एकच उपाय मला मान्य आहे: हौद बांधतानाच तळाला दीड फुटाचा खळगा करायचा आणि व्हॉल्व्ह त्यात, तळापासून चार बोटं वर सोडायचा. गवंड्याला हे सांगितलं तर तो माझ्याकडे बघतो, मग घरमालकाकडे बघतो.

उताराचंही तसंच. हौदापासून मोटरीपर्यंतचा पाइप सतत चढता हवा, मध्ये कुठेही उंचवटा नको. उंचवट्यात साचलेली हवा नरसाळ्याने कितीही पाणी ओता, निघत नाही. हा पाइप आज फरशीखाली गाडला जातो आणि गाडताना त्याखाली विटेचा तुकडा राहिला तर तो घराच्या आयुष्यभर राहतो. बीडच्या खजाना बावडीत सोळाव्या शतकापासून जमिनीखालच्या कालव्यांनी पाणी खेळतं, नुसत्या उतारावर. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीकडे येणाऱ्या नहरीवर उंच मनोरे बांधलेले आहेत, नळातली हवा तिथून बाहेर पडावी म्हणून. ज्यांच्याकडे मोटर नव्हती त्यांनी हवेला वाट ठेवली. आम्ही मोटरी घेतल्या आणि ती वाट बुजवली.

पोराने गेल्या हंगामात एक गोष्ट केली. सक्शन पाइपात पंपाच्या आधी हातभर पारदर्शक होज जोडला, आत तारेचं वेटोळं असतं तो, म्हणजे ओढीने चेपला जात नाही. मोटर चालू केली आणि मला म्हणाला, ‘मामा, हे बघा.’ पाण्यात बारीक बुडबुड्यांची रांग चालली होती. मी ऐकायचो ते तो दाखवत होता, आणि घरमालकालाही दिसत होतं. मी त्याला शाबासकी दिली नाही. गाडीवर परतताना रस्ताभर मनात एकच होतं: आता कोणालाही दिसेल. दुसऱ्या दिवशी तोच होज मी माझ्या पिशवीत टाकला. त्याने ते पाहिलं आणि काही बोलला नाही.

त्याला मी एवढंच पढवलं आहे, की बुडबुडे दिसले तर हवा आत येते आहे. बुडबुडे नाहीत आणि पाणीही हलत नाही, तर हवेला बाहेर जायला वाट नाही. दुसरी तपासणी न करता फूट व्हॉल्व्ह बदलायचा नाही, गिऱ्हाईक घाई करत असलं तरी नाही.

घर बांधणाऱ्यांना माझी विनंती आहे. हौद ते मोटर हा पाइप फरशीखाली घालू नका. दिसला तर दिसू द्या. एनआरव्ही बसवलाच असेल तर तो आणि पंप यांच्यामध्ये अर्धा इंची चावी लावून घ्या. मोटर हवा धरेल तेव्हा नरसाळ्याने पंप भरा, मोटर चालू करून ती चावी उघडा, पाण्याची अखंड धार लागली की बंद करा. यासाठी कोणाला बोलवावं लागत नाही, मलाही नाही.