ग्रेनचा बाण

अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात मी पहिल्यांदा ‘जरा जाड कागद द्या’ म्हणालो, तेव्हा काउंटरमागच्या काकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “किती जीएसएम?” चौरस मीटरला किती ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. झेरॉक्सचा ८० जीएसएमचा ए-फोर कागद पाच ग्रॅम भरतो. पण मॉडेलवाल्याला वजनाशी काय देणंघेणं? त्याला जाडी हवी, तीही स्केलमधली.

मी १:५० मध्ये कौलारू घरं करतो. झेरॉक्सचा कागद असतो साधारण ०.१ मिलिमीटर, माझ्या घरात त्याचे पाच मिलिमीटर होतात. दाराची इंचभर जाड फळी म्हणजे इथे अर्धा मिलिमीटर. ३०० जीएसएमचं आयव्हरी कार्ड त्याच्या आसपास पोचतं. माउंट बोर्डाचं दार केलंत, तर साध्या घराची गढी होते. (माझी झाली होती.)

जाडीचं गणित जमलं तरी पहिलं छप्पर फसलंच. जुलैचे दिवस. रात्री कार्डावर कौलांचा थर चिकटवला, सकाळी बघतो तर उताराची होडी झालेली! मी गोंदाला शिव्या घातल्या. दोष माझाच होता. यंत्रावर कागद बनताना त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेला पडतात. तो त्याचा ग्रेन. ओल लागली की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. म्हणून कागद ग्रेनच्या आडवा वाढतो. माझं खालचं कार्ड उभं होतं, वरचा थर आडवा.

आता आधी कोपऱ्याचा चौकोनी तुकडा कापून एका बाजूने ओला करतो. तो गुंडाळला जातो आणि नळी होते. नळी ज्या दिशेला लांब, तो ग्रेन. घडीही त्याच दिशेने सरळ पडते. आडवी घातली की कार्ड फुटतं, मग संपलेल्या बॉलपेनने कितीही रेघ दाबा.

मातीच्या भिंतींना मात्र हातकागद. त्याला ग्रेन जवळपास नसतोच, आणि त्याचा खरबरीतपणा चुना दिल्यासारखा दिसतो. चौकटींना तो चालत नाही, कडा लवदार राहतात.

कागद गुंडाळी करून आणू नका, दोन पुठ्ठ्यांत सपाट आणा. आणि कापायच्या आधी पाठीमागे पेन्सिलीने ग्रेनचे बाण काढा, जागोजागी. नखाएवढ्या तुकड्यात तो वाकवून कळत नाही.