चौथा माणूस

परवाच्या शनिवारी मित्राच्या बाबांना घेऊन आम्ही अहिल्यानगरला (आमच्या तोंडात अजून नगरच!) रणगाड्यांचं संग्रहालय बघायला गेलो. काका आर्मर्डमधून रिटायर झालेत. ऐन तारुण्यात विजयंता रणगाड्यावर लोडर होते, म्हणजे तोफेत गोळा भरणारे. मी आपला लहानपणापासून कुठल्याही मशीनची स्पेसिफिकेशन्स पाठ करणारा प्राणी. गाडीत बसल्यापासून माझी टकळी सुरू... चिलखत किती जाड, तोफ किती एमएमची. काका नुसतं हं हं करत होते.

तिथे शर्मन, सेंच्युरियन, विजयंता असे ओळीने बघताना डोक्यात एक वेगळाच आलेख तयार व्हायला लागला. १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या लढाईत इंग्रजांनी पहिल्यांदा रणगाडे उतरवले, तेव्हा त्या मार्क-१ मध्ये आठ माणसं असायची. त्यातली चार तर नुसती गाडी चालवण्यात आणि वळवण्यात गुंतलेली. इंजिन त्याच खोलीत; उकाडा आणि धूर इतका की माणसं आजारी पडायची. दुसऱ्या महायुद्धातल्या शर्मनमध्ये पाच. सेंच्युरियन आणि विजयंतात चार: कमांडर, गनर, लोडर, ड्रायव्हर. मग १९६०च्या दशकात सोव्हिएत टी-६४ मध्ये गोळा भरायला यंत्र आलं आणि लोडरला नारळ मिळाला. राहिले तीन. आपल्या लष्करातला टी-७२ पण तसाच.

"काका, पन्नास वर्षांत आठाचे तीन! काय ऑप्टिमायझेशन आहे!"

आणि गणित खरंच सुंदर आहे हो. माणूस कमी, की आतली जागा कमी. जागा कमी, की चिलखत कमी लागतं, वजन उतरतं. टी-७२ साधारण ४१ टनांचा; चार माणसांचा अमेरिकन एब्रॅम्स साठच्या वर.

काका विजयंतापाशी थांबले. "ट्रॅक तुटला तर?"

"म्हणजे?"

"ट्रॅक. चिखलात, रात्री. तिघांत एक जण वर नजर ठेवून बसला, की उरले दोन. दोघांनी चढवून दाखव बरं. डिझेल भरायचं, गोळे चढवायचे, रात्रीचा पहारा द्यायचा, वर चहा करायचा. लोडर फक्त गोळा भरतो असं तुला वाटतं, कारण त्याचं नावच तसं पडलंय."

मी गप्प. (हे क्वचित घडतं.)

दुसरी किंमत गोळ्यांच्या जागेची. टी-७२ मध्ये यंत्राचे २२ गोळे माणसांच्या पायाखाली गोल मांडलेले असतात. चिलखत भेदलं आणि दारूने पेट घेतला, की वरचा अख्खा टरेट उडून जातो. १९९१ च्या आखाती युद्धात आणि २०२२ पासून युक्रेनमध्ये जगाने ते पाहिलं. एब्रॅम्समध्ये बहुतेक गोळे टरेटच्या मागच्या कप्प्यात, जाड दाराआड असतात. स्फोट झालाच तर छताची झाकणं उडून आग बाहेर जाते. फ्रेंच लक्लेर्कमध्ये भरायला यंत्रच आहे, माणसं तीनच, पण यंत्राचे गोळे मागच्या कप्प्यात. म्हणजे दोष यंत्राचा नाही. वाचवलेल्या जागेचं बिल कोणाच्या नावावर फाडलं, हा प्रश्न. आपल्या अर्जुनमध्ये मात्र आजही चौथा माणूस आहे.

आता खरी गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी मी टेस्टिंगची बरीचशी कामं स्क्रिप्टवर टाकली आणि आमच्या चौघांच्या टीममधला एक जण कमी झाला. एक्सेलशीट मीच बनवली होती. अप्रेझलमध्ये कौतुकही झालं. स्क्रिप्ट उत्तम चालते, अजूनही. पण रात्री दोनला क्लायंटचा फोन तोच घ्यायचा, नवीन पोरांना तोच शिकवायचा, कोणाच्या घरी आजारपण असलं की न बोलता त्याचं काम ओढायचा. यातलं काहीच माझ्या शीटमध्ये नव्हतं. त्याच्या पदाचं नाव 'टेस्टर' होतं ना! गेल्या आठवड्यात उरलेल्या तिघांपैकी एकीने राजीनामा दिला. पगाराचं कारण असणार, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

परतताना काका मागच्या सीटवर गाढ झोपले होते. माझी टकळी बंद.

सोमवारी चौथी जागा परत मागणार आहे. मिळेल न मिळेल. शीट मात्र या वेळी नव्याने बनवतोय, आणि पहिला कॉलम आहे: ट्रॅक तुटला तर?