फाशाने दिलेलं मरण

पेणला आमचा गणपतीचा कारखाना. रविवारचं काम आटोपलं की मी रोह्याची गाडी पकडायची. कासू, नागोठणे, निडी मागे पडलं की रोहा. तिथे एका मित्राच्या माडीवर आम्ही पाच जण फासे घेऊन बसायचो. एक सूत्रधार, बाकीच्या चौघांचं एकेक पात्र. पात्र काय करणार ते खेळणाऱ्याने बोलून सांगायचं. ते साधलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. 1974 साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून हा खेळ जगभर पसरला.

आमचा खेळ प्राचीन देवांचा होता आणि पहिली चर्चा देवांवरूनच झाली. 1980 साली या खेळासाठी निघालेल्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकात ग्रीक आणि इजिप्तच्या देवांबरोबर इंद्र, काली, विष्णू यांच्याही ताकदीचे आकडे दिले आहेत. रोह्याच्या मित्राला ते पटेना. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या गावात ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस सलामी देतात, सारं गाव रस्त्यावर येतं. तो म्हणाला, “ज्यांच्यापुढे आपण हात जोडतो त्यांना फाशावर आणायचं नाही.” सगळ्यांनी ते मानलं.

मग आम्ही आमचे देव रचले. पेणचा खारेपाट मी लहानपणापासून पाहिलेला. खाडीचं पाणी अडवायला मातीचे बांध आणि आत भातशेती. बांधाला खांड गेली की उधाणाचं खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन नासते. तिथून आमची भरतीआई आली आणि तिच्याशी करार करून बसलेला, लोकांना विसर पडलेला बांधदेव आला. रोह्याच्या मित्राचं पात्र म्हणजे या बांधदेवाचा राखणदार.

आठ महिने खेळ चालला. शेवटच्या रात्री अमावास्येचं उधाण, बांधाला खांड, आणि राखणदार त्या खांडीत उभा. बाराच्या वर दान हवं होतं. तीन पडलं. राखणदार वाहून गेला. माडीवर बराच वेळ कोणी बोललं नाही.

मला ते सोसवेना. त्या आठवड्यात कारखान्यातून आल्यावर रोज रात्री मी गोष्ट लिहिली. तिच्यात बांधदेव ऐन वेळी धावून येतो आणि राखणदार वाचतो. पुढच्या रविवारी ती वाचून दाखवली. मित्र शेवटपर्यंत ऐकत राहिला, मग म्हणाला, “हा माझा राखणदार नाही. मला पळता आलं असतं, वाट मोकळी होती. मी थांबलो. तू ते थांबणंच काढून टाकलंस.”

परतीच्या गाडीत ते वाक्य डोक्यातून जाईना. दुसऱ्याची गोष्ट पुन्हा सांगणं ही आपली जुनीच वाट आहे. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं रचली, त्यांतल्या कित्येकांना अक्षरांची बंधनं घालून घेतली. पण रामाचा वनवास त्यांनी टाळला नाही. दशावतारात लिहून दिलेले संवाद नसतात, नट रंगमंचावर आपल्या मनाने बोलतो. तरी कथानकाची वाट सोडत नाही. स्टीव्हन एरिक्सन आणि इयन एसलमाँट या दोन पुरातत्त्वज्ञ मित्रांनी अशाच खेळातून मलाझनचं देवांनी भरलेलं जग उभं केलं. एरिक्सनची पहिली कादंबरी 1999 साली आली, पुढे एसलमाँटनेही त्याच जगात कादंबऱ्या लिहिल्या. जग दोघांचं होतं, म्हणून लिहिण्याचा हक्कही दोघांचा राहिला.

मी गोष्ट पुन्हा लिहायला घेतली. आधी चौघांना विचारलं. पडलेलं तीनचं दान तसंच ठेवलं. खेळात जे बोललं गेलं नव्हतं, तिथे मात्र मला मोकळं रान होतं. आदल्या संध्याकाळी राखणदार घरी काय जेवला, त्याच्या आईने कंदिलाची काच कशी पुसली, सकाळी पाणी ओसरल्यावर गावाने चिखल ओढून खांड कशी बुजवली, हे सगळं मी लिहिलं. मित्राने वाचून एकच दुरुस्ती सांगितली. राखणदार ‘मी’ म्हणत नाही, ‘आम्ही बांधावरचे’ म्हणतो. आठ महिने तो तसंच बोलत आला होता आणि माझ्या कानांवरून ते निसटलं होतं.

तुमच्याही चार मित्रांत असा खेळ रंगला असेल, तर त्याची गोष्ट जरूर लिहा. मराठीत, आपल्या खाडीची, आपल्या बांधांची. लिहिण्याआधी ज्याचं पात्र त्याला विचारा, आणि फाशाने दिलेलं मरण परत घेऊ नका. ते स्वीकारून जो थांबला, गोष्ट त्याची आहे.