पाणी ओतण्याविषयी

पिंपळगाव बसवंतात चहाला जी राजमान्यता आहे ती कॉफीला कधीही लाभलेली नाही, आणि ती लाभावी असा आग्रह धरण्याचे मला काही कारणही दिसत नाही. बाजार समितीच्या आवारात कांद्याचा लिलाव चालू असताना व्यापारी, अडते, हमाल आणि पहाटेपासून ट्रॅक्टरवर ताटकळलेला शेतकरी यांचे भावाविषयी काहीही मतभेद असोत, टपरीवरून आलेल्या चहाविषयी त्या साऱ्यांचे एकमत असते. कॉफी आमच्या घरांत शिरली ती उपवासाच्या निमित्ताने, पाहुण्यांच्या मानाकरिता किंवा परीक्षेच्या दिवसांत जागरणाची तजवीज म्हणून. आणि शिरली तीही दूध, साखर व जायफळ असा सगळा सरंजाम बरोबर घेऊन. त्या कॉफीविषयी मला आकस नाही. थंडीत ती मीही पितो. परंतु त्या सरंजामाखाली मूळ जिन्नस कोणत्या चवीचा आहे, याची चौकशी करण्याची गरज कोणाला भासत नसे.

मला ती भासली याचे श्रेय द्राक्षांना द्यावे लागेल. तोडणीच्या आधी रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे गोडीचे माप, पाहण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्या जिभेला आंबट आणि गोड यांचा तोल पारखण्याची सवय आपोआप जडते, आणि दुधावाचूनची, कागदातून गाळलेली, लालसर तपकिरी कॉफी प्रथम तोंडात घेतल्यावर तिच्यात कडूपणाच्या जोडीला फळाचा म्हणावा असा आंबटपणा आहे हे त्या जिभेला तत्काळ कळते. पुढे असेही समजले की कॉफीचे जाणकार आमचेच रिफ्रॅक्टोमीटर, अंमळ अधिक सूक्ष्म मोजणारे, कपातला विद्राव्य अंश मोजण्यासाठी वापरतात. १९५०च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने या विषयाचे जे आलेख मांडले त्यांचा निष्कर्ष असा की, भाजलेल्या दाण्याचा सुमारे ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकत असला तरी चवीला उत्तम असा अंश १८ ते २२ टक्क्यांच्या दरम्यानच हाती लागतो. त्याहून कमी उतरले तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते, अधिक उतरले तर कडू व तुरट.

साधनांची कुळकथा फार मोठी नाही. १९०८ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथील मेलिटा बेंट्झ या गृहिणीने, कपाच्या तळाशी राहणाऱ्या गाळाला कंटाळून, पितळेच्या भांड्याला भोके पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद आत घातला आणि त्यातून कॉफी गाळून पाहिली. त्याच वर्षी तिने त्याचे पेटंटही घेतले. आज मिळणारा चिनी मातीचा किंवा प्लास्टिकचा शंकू, मग तो जपानी हारिओ कंपनीचा ६० अंशांच्या कोनाचा असो की अन्य कोणाचा, त्याच भांड्याचा वंशज होय. शंकू, कागद, हाताने फिरवायची चक्की आणि ग्रॅम दाखवणारा काटा एवढे पुरे. पैसा खर्चायचाच असेल तर तो चक्कीवर खर्चावा. बदकाच्या मानेसारख्या तोटीची किटली देखणी असते खरी, पण बेताने ओतणारा हात असेल तर तिच्यावाचून अडत नाही, आणि दळण एकसारखे नसेल तर कोणतीही किटली उपयोगी पडत नाही.

दाणे मात्र बाहेरूनच मागवावे लागतात. महाराष्ट्रात कॉफी पिकते असे सांगितले तर पुष्कळांना ती थट्टा वाटते; पण मेळघाटात चिखलदऱ्याला इंग्रजी अमदानीपासून कॉफीची झाडे आहेत. ते पीक थोडके, म्हणून सामान्य गिऱ्हाइकाला चिकमगळूर आणि कोडगू यांच्याकडेच वळावे लागते. ज्या बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया लपवून आणल्याची आख्यायिका आहे, त्यांच्या नावाचा डोंगर याच चिकमगळूरला आहे. पुडक्यावर भाजणीची तारीख छापलेली असावी आणि ती महिन्याभराहून जुनी नसावी, एवढी खातरजमा केली म्हणजे नवशिक्याने निवडीचा अधिक घोळ घालू नये.

आता पाण्याकडे वळतो. माझ्या मते हा सारा मामला मुळात पाण्याचाच आहे आणि नेमके त्याच्याकडेच कोणी पाहत नाही. तयार कॉफीचा ९८ टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असते. आमच्याकडचा खडक काळ्या पाषाणाचा. त्याच्या फटींतून झिरपत विहिरीत उतरणारे पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट यांचा भरणा घेऊन येते. द्राक्षबागायतदाराला याची ओळख करून द्यावी लागत नाही, कारण याच क्षारांनी ठिबकचे ड्रिपर चोक होतात, आणि द्राक्षघड बुडवण्यासाठी जी.ए.चे (जिबरेलिक आम्लाचे) द्रावण तयार करताना त्याचा सामू खाली आणण्याकरिता आम्ल घालावे लागते ते याच बायकार्बोनेटपायी. जे बायकार्बोनेट टाकीतल्या आम्लाला मारते तेच कपातल्या आम्लालाही मारते. उत्तम भाजलेल्या दाण्यातील फळाचा आंबटपणा विहिरीच्या पाण्यात पुरता विझतो आणि उरतो तो केवळ खडूसारखा, बोथट कडवटपणा. माणूस बिचारा दाण्यांना दोष देत बसतो. यावर उपाय म्हणून निव्वळ आर.ओ.चे पाणी घ्यावे तर दुसरीच अडचण उभी राहते: त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ सर्व निघून गेलेले असते, आणि दाण्यातील चव खेचून घेण्यास हे क्षार थोडे तरी हवे असल्याने कॉफी निर्जीव उतरते. सबब दोहोंचे मिश्रण करावे. कॉफीला मानवणारी अल्कता, म्हणजे आम्ल मारण्याची पाण्याची ताकद, लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास धरतात. विहिरीची ३०० असेल तर एक भाग विहिरीचे आणि सात भाग आर.ओ.चे, हा हिशेब कोणालाही करता येतो. आमच्या भागात पाण्याचा तपासणी-अहवाल बहुतेक बागायतदारांच्या दप्तरी असतोच, तो कॉफीसाठी उघडावा एवढेच माझे म्हणणे.

पाणी किती तापवावे, हा प्रश्न आमच्या उंचीने अर्धा सोडवला आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या वर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. हलक्या भाजणीच्या दाण्यांना ते उकळताक्षणी ओतावे, गडद भाजणीच्यांसाठी मिनिट-दोन मिनिटे थांबावे. डिसेंबर-जानेवारीत मात्र सावध राहावे लागते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांखाली उतरतो आणि द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून आम्ही बागांत पहाटे शेकोट्या पेटवतो, त्या दिवसांत चिनी मातीचा गार शंकू पाण्याची निम्मी धग स्वतःच पिऊन टाकतो. कागद बसवून त्यावरून आधी कढत पाणी सोडावे, म्हणजे कागदाचा वास जातो आणि शंकू तापतो.

पंधरा ग्रॅम दाणे रव्याहून जाडसर दळावेत आणि एकंदर २४० ग्रॅम पाणी मुक्रर करावे. पहिल्या चाळीस ग्रॅमांनी चूर्ण केवळ भिजवायचे. दाणे ताजे असतील तर भाजणीत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड वाट काढू लागतो, भिजलेला थर हळूहळू वर फुगतो, त्यावर बारीक बुडबुडे धरतात, फुटतात, आणि एका बाजूला लहानशी भेग पडून तिच्यातून वाफेचा उग्र-गोड वास येतो. पाऊण मिनिट हात आवरून हे पाहत राहावे. वायू निघून गेल्यावाचून पाणी कणांच्या आत शिरत नाही. त्यानंतर मध्यापासून बाहेर आणि पुन्हा आत अशी बारीक, संथ धार धरावी. बागेला पाटाने पाणी सोडले की ते सोयीची वाट धरून पुढे जाते आणि कडेची झाडे कोरडी राहतात; शंकूत भसकन ओतलेले पाणीही असेच कागदाच्या कडेने निसटते, म्हणून ज्याने ठिबकवर बाग जोपासली त्याला ही धार फार समजावून सांगावी लागू नये. सारे पाणी तीन मिनिटांच्या सुमारास उतरावे. लवकर उतरून आंबट लागले तर दळण बारीक करावे, रेंगाळून कडू झाले तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दळण, पाणी आणि दाणे एकदम बदलणाऱ्याला कशामुळे काय झाले याचा पत्ता लागत नाही.

शेजारच्या मंडळींना ही कॉफी दिली तर बहुधा ती काढा ठरते आणि साखरेची मागणी होते. साखर द्यावी. जिभेची घडण वर्षानुवर्षांची असते, तिच्याशी वाद घालून काही निष्पन्न होत नाही.

पाण्याचे प्रमाण मात्र एकदा ठरवून मोकळे होता येत नाही. पावसाळ्यानंतर विहीर तुडुंब असते आणि क्षार पातळ झालेले असतात, तेव्हा आमच्याकडे पाच भाग आर.ओ.ला एक भाग विहिरीचे पाणी चालते. एप्रिल-मेमध्ये तळ दिसू लागला की तेच पाणी जड होते आणि नऊ भागांपर्यंत जावे लागते. एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जातोच. त्या अहवालाची एक नक्कल बागेच्या दप्तरात राहते. दुसरी मी स्वयंपाकघरातल्या फळीवर, काट्याखाली ठेवतो.