बिनतिथीचें पेय

आमच्या पंचांगांत पेयांनाही तिथी लावून दिलेल्या आहेत, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचें पन्हें, कोजागरीला आटीव केशरी दूध, होळीच्या सुमारास ज्यांच्याकडे चाल असेल त्यांच्याकडे थंडाई. श्रावणांत कोणीं वाटली डाळ व पन्हें मागितलें, तर घरांतील वडील स्त्रिया मागणाराकडे दयार्द्र दृष्टीनें पाहतात. अशा मर्यादेंत वाढलेल्या आम्हांस बिअर नांवाचें पेय जेव्हां प्रथम भेटलें, तेव्हां त्याला तिथि नाहीं ही गोष्ट त्याच्या चवीच्या आधीं जाणवली.

ही भेट १९८० सालच्या डिसेंबरांत, कार्ल्याच्या डोंगराखालीं एका मित्राच्या मळ्यांत झाली. आम्ही सहा जण होतों. बाटल्या गोणपाटांत बांधून थंड होण्यासाठीं विहिरींत सोडल्या होत्या, आणि दोर कोणाच्या हातीं असावा याविषयीं जो वाद माजला, तो एखाद्या संस्थानाच्या दत्तकप्रकरणाला शोभला असता. बिअर कडू लागली, आवडली नाहीं. तथापि आम्हीं ती आवडल्याचें तोंड केलें, कारण बाकीचे पांचही जण तसेंच करीत होते. परततांना प्रत्येकानें मूठभर बडीशेप चावली. मळवलीस गाडींत चढलों, तों डब्यांत बडीशेपेचा असा घमघमाट सुटला कीं, समोरच्या बाईंनीं आम्हांस कोणाचें लग्न होतें म्हणून विचारलें.

पुढें चाळीस वर्षें आम्ही वर्षाकाठीं एक-दोन सहलींना बिअर घेत आलों आणि दर वेळीं बडीशेप चघळीत घरीं आलों. आमच्या मुलाला यांतलें कांहीं ठाऊक नाहीं अशी आमची समजूत होती.

या चोरटेपणाचें मूळ आमच्या काकांपर्यंत जातें. मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा. आमच्या लहानपणीं वैद्यकीय दाखल्यावर परवाना मिळे, व काकांपाशीं तो होता. त्यामुळें घरांत त्या वस्तूस ‘औषध’ हेंच नांव पडलें. सायंकाळीं सातला मागच्या खोलीचें दार लागे. आंत एक खुर्ची, एक पेला आणि एक माणूस. काका कधीं ओरडले नाहींत, त्यांनीं कोणावर हात उगारला नाहीं. सकाळीं स्नान करून पूजेला बसत, आणि त्यांचें गंध उगाळणें आम्ही पाहत बसूं. कोपऱ्यावर दुकानाचा गडी एक कापडी पिशवी देई, ती घरीं आणण्याचें काम आमच्याकडे होतें. वाटेंत कोणीं विचारल्यास ‘काकांचें औषध’ असें सांगावें, ही आजीची शिकवण. १९७४ सालीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, काका गेले. पोट फुगलें होतें, डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. तेराव्याच्या दिवशीं आजीनें तो पेला परसांत पुरून टाकला. आलेल्यागेलेल्यांस ‘काविळीनें गेले’ असें सांगण्यांत आलें, आणि पुढें तेंच आम्ही सर्व जण सांगत राहिलों.

२०२३ च्या एप्रिलअखेर आमच्या सौभाग्यवतींच्या मामांकडे, गोव्यांत सत्तरी तालुक्यांत, सर्व मंडळी जमली होती. काजूचा हंगाम ओसरूं लागला होता. ज्यांनीं तो पाहिला नसेल त्यांना सांगावयास हवें कीं, त्या दिवसांत गांवांत शिरतांच गांवाआधीं त्याचा वास भेटतो; गोड, आंबूस, किंचित् डोकें धरणारा. काजूचें झाड पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझीलहून आणलें. परंतु आतां मामांना हें सांगितलें, तर ते आपल्या कुळागराकडे बोट दाखवून हंसतात. दारूसाठीं बोंडू झाडावरून तोडीत नाहींत. पिकून गळून पडलेलेंच वेंचतात. बी वेगळी काढून बोंडू कोळमींत पायांनीं तुडवितात. अलीकडे बऱ्याच ठिकाणीं यंत्रानें पिळतात. उरलेल्या चोथ्यावर धोंड्याचा भार ठेवला म्हणजे जो निवळ रस थेंबथेंब गळतो, तो नीरो. सकाळीं तो लहान मुलेंही पितात. दुपार कलली कीं तो आंबूं लागतो. बाकीचा रस दोन-तीन दिवस आपला आपण फसफसत राहतो, मग भाटीवर चढतो. पहिल्या धारेचा तो हुर्राक. त्यांत पुन्हां रस मिसळून दुसऱ्यांदा गाळला म्हणजे फेणी. फेणी वर्षानुवर्षें मुरत राहते. हुर्राकाला तें आयुष्य नाहीं. तो मार्चाच्या सुमारास जन्मतो आणि पावसाच्या तोंडीं संपतो.

मामांच्या अंगणांत तो दिवे लागण्यापूर्वीं, सगळ्यांच्या देखत घेतात. पेल्यांत लिंबू, मीठ, आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. लिंबू पिळण्यास मामी स्वतः बसल्या होत्या. दार लावलेल्या खोलीची संवय असलेल्या आम्हांस हें दृश्य पाहून काय वाटलें, तें सांगणें कठीण आहे. थोडी लाज वाटली, आणि कोणाचा तरी हेवाही वाटला.

इतक्यांत आमच्या चिरंजीवांनीं गाडींतून बर्फाची पेटी आणली, तींतून बिअरची बाटली काढली आणि सर्वांसमक्ष विचारलें, “बाबा, तुम्ही घेणार?”

आम्ही घेत नाहीं, असें आम्हीं सांगितलें.

“मग दर डिसेंबरांत बडीशेप कशाला चघळतां?”

मंडळी मनमुराद हंसली. सौभाग्यवती सर्वांत अधिक हंसल्या. तेव्हां चाळीस वर्षांची बडीशेप फुकट गेली हें उघड झालें.

मामांनीं ती बाटली हातांत घेऊन फिरवून पाहिली. “ही कुठल्या महिन्यांतली रे?”

“बारा महिने मिळते, आजोबा.”

“मग थांबायचें केव्हां, हें कोण सांगणार?”

मुलगा म्युनिकला दोन वर्षें शिकून आलेला. त्यानें सांगितलें कीं, बिअरलाही एके काळीं तिथि होती. बव्हेरियांत १५५३ सालीं असा हुकूम निघाला कीं, २३ एप्रिलपासून २९ सप्टेंबरपर्यंत कोणीं बिअर करूं नये. कारण उन्हाळ्यांत आंबवण बिघडत असे. म्हणून मार्चांत जरा कडक बिअर करून थंड तळघरांत ठेवीत, ती उन्हाळाभर पुरवीत, आणि उरलेलीं पिंपें शरदांत रिकामीं करीत. १८७० नंतरच्या दशकांत कार्ल फॉन लिंडे याचें शीतयंत्र दारूच्या कारखान्यांत आलें आणि मग ऋतूची गरज उरली नाहीं.

“म्हणजे यंत्रानें तिचें सोवळें मोडलें,” मामा म्हणाले.

हें वाक्य आम्हांस फार आवडलें. ऋतूची मर्यादा, उघडें अंगण, चारचौघांची सोबत, अशी एक सुबक उपपत्ति आमच्या मनांत जुळूं लागली. लिहिणाऱ्या माणसाला ही खोड असतेच. आम्हीं ती बोलूनही दाखविली. तेव्हां मामा बराच वेळ मिरचीचा देंठ चावीत राहिले.

“माझा धाकटा भाऊ याच अंगणांत प्यायला शिकला,” ते म्हणाले. “हंगामांतच. सगळ्यांच्या समोर. हंगाम संपला, आम्ही थांबलों. तो फेणीवर गेला. भाटावर एकटा जाऊन बसायचा. आम्हांला सगळें दिसत होतें. आम्ही म्हणायचों, हिशेब लिहितो आहे.”

मामींनीं लिंबू खालीं ठेवलें. कोणी कांहीं बोललें नाहीं.

मग आम्हीं काकांची हकीकत सांगितली. खोली, पिशवी, आजीनें पढविलेलें उत्तर, पुरलेला पेला, सारें सांगितलें. आणि यकृत हा शब्द आमच्या तोंडून काकांच्या संबंधांत त्या दिवशीं प्रथम निघाला. सौभाग्यवतींनाही ही हकीकत नवी होती. लग्नाला छत्तीस वर्षें झालीं होतीं.

मुलानें बाटली उघडली होती. ती त्यानें तशीच थोडा वेळ हातांत धरली, मग अर्धी आमच्या पेल्यांत ओतली व अर्धी स्वतःच्या. बिअर अद्याप कडूच लागते. दिवे लागले, मामींनीं पेले गोळा केले आणि जेवणाचीं पानें मांडलीं. दुसरी बाटली निघाली नाहीं. ती कोणीं मना केली असें मात्र नव्हे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं परत निघालों. मामांनीं हुर्राकाची बाटली देऊं केली, परंतु सीमेवर परवान्याची भानगड नको म्हणून आम्हीं घेतली नाहीं. घाट चढतांना मुलानें एकाएकीं विचारलें, “काकाआजोबांचा एखादा फोटो आहे का?”

होता. पूजेला बसले असतांनाचा, सहाणेवर वांकलेले, चेहरा अर्धाच दिसणारा. तो घरीं आल्यावर जुन्या पेटींतून शोधून काढावा लागला.